गोल्फ स्विंग बसत नाही? सरावातल्या या चुका टाळा

सरावाच्या रेंजवर शंभर बॉल मारले, शर्ट घामाने चिंब झाला, शेवटचे दहा तर सुरेख गेले. रविवारी खारघरला सिडकोच्या कोर्सवर पहिल्याच टीवरून, म्हणजे खेळ सुरू होतो त्या जागेवरून, मारलेला बॉल उजवीकडे वळून झाडीत गेला. ऐरोलीहून सकाळी साडेपाचला निघून सराव करणाऱ्या मला दोन वर्षं हे कोडं सुटत नव्हतं. आता ठाणे-नवी मुंबईतले नवे खेळाडू हीच तक्रार सांगतात, तेव्हा मी आधी एकच विचारतो: शंभर बॉल मारायला किती वेळ लागला? उत्तर बहुतेकदा ‘अर्धा तास’ असं येतं. चूक तिथेच आहे. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.)

एकच क्लब, एकच लक्ष्य, बॉलमागून बॉल

सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबने (स्टिकने), एकाच झेंड्याकडे तीस बॉल मारले की विसाव्यापासून अंगाला लय सापडते आणि स्विंग बसल्यासारखा वाटतो. कोर्सवर मात्र तोच फटका लागोपाठ दोनदा क्वचितच येतो. ड्रायव्हर (सर्वांत लांब मारायचा क्लब) मारून तीन-चारशे पावलं चालायचं, मग वेगळा क्लब, वेगळा उतार, वेगळं अंतर. शी आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे होते, पण नंतर चाचणी घेतली तेव्हा हालचाली आलटून-पालटून करणारे सरस ठरले. असं आलटून-पालटून करताना सरावात अडखळायला होतं, म्हणून आपण ते टाळतो. म्हणून पन्नासच बॉल घ्या. पहिले पंधरा एखादी गोष्ट सुधारण्यासाठी ठेवा. उरलेल्या प्रत्येक बॉलला क्लब आणि लक्ष्य बदला, मागे जाऊन रेषा बघा, मगच उभे राहा. तासभर लागेल. लागू द्या.

बॉल उजवीकडे वळतो म्हणून डावीकडे तोंड करून उभं राहणं

स्लाइसवरचा, म्हणजे बॉल असा उजवीकडे वळण्यावरचा, हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि त्याने दुखणं वाढतं. बॉल कुठल्या दिशेने निघणार हे बहुतांशी क्लबचा फेस (बॉलला लागणारा सपाट भाग) ठरवतो. तो हवेत किती वळणार हे फेस आणि क्लबची वाट (स्विंगमध्ये क्लब ज्या रेषेत येतो ती) यांच्यातल्या फरकावर ठरतं. खांदे डावीकडे वळवले की क्लबची वाट आणखी डावीकडे जाते. फेस मात्र लक्ष्याकडेच राहतो. फरक वाढला, वळणही वाढलं.

म्हणून स्विंगला हात लावण्याआधी बॉल वाचा. डावीकडे निघून उजवीकडे वळला तर वाट बाहेरून आत येते आहे. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे गेला तर फेस उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो आहे, आधी ग्रिप (क्लब धरायची पद्धत) तपासा. हार्डवेअरच्या दुकानात वायरिंगची पांढरी पीव्हीसी नळी मिळते. तिचे दोन तुकडे जमिनीवर ठेवा, एक पायांच्या रेषेत, एक बॉलच्या पलीकडे. मी सरळ उभा राहतो असं मला ठाम वाटायचं. नळ्या ठेवल्यावर माझे खांदे चांगलेच डावीकडे वळलेले निघाले.

ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक तपासणी करा. फेसवर थोडी टाल्कम पावडर लावून फटका मारा, ठसा दिसेल. ठसा दांड्याकडच्या बाजूला असेल तर स्विंग ठीक असूनही बॉल उजवीकडे वळतो. तेव्हा वाटेत बदल करत बसू नका, फेसच्या मध्यावर मारायला शिका.

क्रिकेटचा हात

आपण गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेली माणसं. षटकार मारायचा तर बॉलखाली बॅट घालून उचलायचा, हे अंगात मुरलेलं असतं. गोल्फमध्ये उचलायचं काम क्लबचा कोन करतो. सात नंबरचा फेस साधारण ३० अंश मागे झुकलेला असतोच. आपण उचलायला गेलो की वजन उजव्या पायावर राहतं आणि क्लब एक तर आधी जमिनीला लागतो, नाहीतर बॉलच्या डोक्याला. आयर्न खाली उतरताना आधी बॉलला लागला पाहिजे, माती त्याच्यापुढची उडाली पाहिजे. फटक्यानंतर बेंबी लक्ष्याकडे आणि उजवी टाच वर, एवढंच तपासा. तीन सेकंद तसंच उभं राहता आलं नाही, तर वजन मागेच राहिलं.

इथे रेंजवरची मॅट फसवते. दोन-तीन सेंटिमीटर मागे लागलेला क्लब कडक मॅटवरून घसरून बॉलपर्यंत पोचतो आणि फटका चांगला वाटतो. गवतावर तोच क्लब मातीत रुततो. बॉलमागे साधारण १० सेंटिमीटरवर घडी केलेला नॅपकिन ठेवा. नॅपकिन हलला तर तो फटका मोजू नका.

ग्रिप घट्ट आवळू नका. आपल्याकडच्या दमट हवेत हात निसटतो म्हणून आवळली जाते, मग मनगट अडकतं. दोन ग्लोव्ह आलटून-पालटून वापरा आणि क्लबच्या मुठी साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा.

ताकदीच्या मागे लागलेल्यांना मी भारतीय गोल्फपटू अदिती अशोकचं उदाहरण देतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. लांब मारणाऱ्यांत तिची गणना नाही. हिरवळीजवळचा खेळ आणि पटिंग (हिरवळीवर बॉल भोकाकडे घरंगळवणं) यांनी तिला तिथवर नेलं. तेव्हा पन्नासातले निदान वीस बॉल छोट्या फटक्यांना द्या.

आठवड्याला एकच बदल करा. व्हिडिओ बघून सोमवारी ग्रिप, बुधवारी खांदा, शुक्रवारी पाय बदलले तर कशाने काय झालं ते कळत नाही. मी वहीत तारीख, क्लब आणि बॉल कुठे गेला एवढंच लिहितो. कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागलं तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

पावसाळ्यात रेंज सुटते, तेव्हा सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बॉलच्या जागी खडूने एक रेघ ओढा आणि बॉल न ठेवता, आजूबाजूला कोणी नाही हे बघून, निम्म्या वेगाने स्विंग करा. क्लब फरशीवर आपटायचा नाही, जरासा वरून जाऊ द्यायचा. त्याचा सर्वांत खालचा बिंदू रेघेच्या पुढे येतो की मागे, हे फोन जमिनीलगत ठेवून टिपता येतं. मी रोज वीस करतो, जून ते सप्टेंबर.