भरदुपारी चावणारे डास आणि फ्रिजमागचा ट्रे

कॉइल लावूनही घरात भरदुपारी डास चावत होते, तेही घोट्यापाशीच. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास म्हणजे एडिस. डेंग्यू, चिकनगुनिया पसरवणारा. त्याला गटार लागत नाही, वाटीभर स्वच्छ पाणी पुरतं. म्हणून साचलेलं पाणीच शोधायला घेतलं. कुंड्यांखालच्या बशा कोरड्या, कूलर कोरडा. फ्रिज भिंतीपासून ओढला, तर मागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. बर्फ वितळून तिथे पाणी जमतं, आणि ट्रेकडे कोण बघतंय!

नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या कडेलगत भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडूनही काही महिने टिकतात. पाणी मिळालं की फुटतात. म्हणून ट्रे साबण लावून घासणीने खरवडला. (अळ्यांचं पाणी मोरीत नको, कोरड्या मातीवर ओतावं.) अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, त्यामुळे आता दर रविवारी ट्रे, पिंप आणि मनी प्लांटची बाटली घासतो. आधीच उडणारे डास थोडे दिवस राहिले, मग दुपारची झोप मिळाली. गच्चीतल्या टाकीचं झाकण मात्र सोसायटीकडून अजून बसायचंय.