ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांना घेऊन गुलमर्गला स्कीइंग: प्लॅनिंग कसं करायचं

सगळ्यात आधी घरात बसून एक ठरवा, काश्मीर फिरायचंय की स्कीइंग शिकायचंय? दोन्ही एका ट्रिपमध्ये कोंबलं की एक दिवस पहलगाम, एक दिवस सोनमर्ग, आणि गुलमर्गला सकाळी श्रीनगरहून जाऊन संध्याकाळी परत, मग स्कीइंग म्हणजे काय तर कोणीतरी मुलाच्या पायात स्की अडकवतो, दहा मिनिटं ढकलतो, फोटो निघाला, पैसे दिले, संपलं. मुलं खरंच पटकन शिकतात हो, पण सलग तीन-चार दिवस, रोज दोनेक तास मिळाले तरच. त्यामुळे गुलमर्गमध्येच कमीत कमी चार रात्री राहा आणि बाकीची ठिकाणं सरळ सोडून द्या.

आता बर्फाचं. चिल्लई कलान, म्हणजे तिथले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतात, म्हणजे आपली सुट्टी अगदी सुरुवातीलाच येते आणि बर्फाची खात्री कोणीच देऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत तर अर्धा महिना उलटला तरी गुलमर्ग कोरडं होतं. म्हणून हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आणि शाळेचं जमत असेल तर २६ जानेवारीला जोडून चला, तेव्हा बर्फ मिळायची शक्यता बरीच जास्त. उत्तराखंडातल्या औलीचा, म्हणजे तिथल्या स्कीइंगच्या ठिकाणाचा, विचार करत असाल तर जोशीमठचा रोपवे २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद केला होता, त्याचं आत्ता काय चाललंय ते आधी विचारा, शिवाय ऋषिकेशपासून जवळजवळ अडीचशे किलोमीटर घाटरस्ता आहे, लहान मुलांना तो झेपत नाही.

शिकायला गोंडोलाने, म्हणजे तिथल्या केबल कारने, वर जायची गरज नसते, नवख्यांचे उतार खालीच आहेत. वर अफरवट शिखराकडे गोंडोला जातो ती उंची जवळजवळ ३,९५० मीटर, तिथले उतार कसलेल्या लोकांसाठी आहेत आणि हिमस्खलनाचा धोका असतो, तेव्हा मुलांना घेऊन वर स्कीइंग नकोच. नुसतं बघायला जायचं तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा, सीझनला पटापट संपतात.

इन्स्ट्रक्टर एका वेळी दोनच मुलांना घेणारा बघा आणि तासाचे किती, त्यात स्की, बूट, हेल्मेट धरलंय का, हे सगळं सुरू करायच्या आधी बोलून घ्या. पहिल्या दिवशी त्याने थांबायला शिकवलं पाहिजे, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून. ते न शिकवता थेट उतारावर सोडत असेल तर सरळ माणूस बदला.

बुटांसाठी अर्धा तास हाताशी ठेवा, कारण मुलं रडतात ती बहुतेक वेळा बुटामुळे. मोजा एकच, लांब आणि सुरकुती न पडलेला, दोन घातले की पाय उलट जास्त गार पडतात. थर्मलची कड बुटात जाऊ देऊ नका, नडगीला काचते. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरली पाहिजेत, टाच मात्र उचलली जाता कामा नये. "जरा मोठा चालेल" असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका.

कपड्यांमध्ये जीन्स आणि सुती बनियन अजिबात नको, ओलं झालं की वाळत नाही. थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वॉटरप्रूफ जॅकेट-पॅन्ट, आणि ग्लोव्हजचे दोन जोड, एक ओला होणारच. गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्गला ड्रायव्हर गाडी थांबवून कोट-गमबूट भाड्याने घ्यायला लावतात, ते गमबूट चालायला ठीक, स्कीला उपयोग नाही. बर्फ जास्त असेल तर तिथून पुढे चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी लागते, तो खर्च बजेटमध्ये धरा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर हॉटेलवाल्याला स्पष्ट विचारा, खोलीत हीटिंग आहे की नुसती बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची शेगडी, आणि गरम पाणी किती ते किती. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे, ज्यांना दम्याचा किंवा हार्टचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. मुलांच्या खिशात चिक्की, राजगिऱ्याचे लाडू टाकून ठेवा, थंडीत भूक फार लागते, आणि तहान लागत नसली तरी पाणी पाजत राहा.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरात एकाचं तरी पोस्टपेड हवं. इन्शुरन्स काढताना स्कीइंग त्यात येतं का ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसीत येत नाही. आणि परतीच्या आदल्या रात्री श्रीनगरला उतरून या, बर्फ पडला की रस्ता अडतो, धुक्यात फ्लाइट लटकतात, वर एअरपोर्टला एकामागून एक सिक्युरिटी चेक असतात, मुलं आणि सामान घेऊन तीन तास आधी पोचलेलं बरं.