बाणाचा पॉइंट गोंदाने बसवताना

ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यामुळे बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बाणांचे पॉइंट, म्हणजे पुढची धातूची टोकं, सैल झाले तर नवल नाही. कमी तापमानाला वितळणारा हॉट मेल्ट गोंद तिथे मऊ पडतो. तरीही कार्बनच्या बाणाला मी तोच वापरायला सांगेन, फक्त बाण सावलीत ठेवा. एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, पक्का बसतो खरा, पण पुढे पॉइंट बदलायचा म्हटलं की शाफ्टच, म्हणजे बाणाची पोकळ काठीच, वाया जायची. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही दुकानात मिळणारा सुपरग्लू ठिसूळ असतो, धक्क्याने तडकतो.

आधी शाफ्टचं तोंड आतून बारीक पॉलिश पेपरने हलकं घासा, कानकाडीने स्पिरिट फिरवा, वाळू द्या. आता महत्त्वाचं: आच पॉइंटला द्यायची, कार्बनला कधीच नाही, त्यातलं रेझिन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जळतं. पॉइंटचं टोक पक्कडीत धरून त्याची शाफ्टमध्ये जाणारी दांडी गरम करा, तिच्यावर गोंद वितळवा आणि क्षणभर थांबून, शाफ्टला सोसेल इतपत झाल्यावर, फिरवत फिरवत आत ढकला. बाहेर आलेला गोंद लगेच पुसा.

पॉइंट काढायचा असेल तर टोक गरम पाण्यात बुडवून ओढा. ॲल्युमिनियमच्या बाणाला इतके लाड लागत नाहीत.