वावरात स्टेशन लावायला निघण्याआधी

आपल्या हॅम रेडिओ क्लबच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओवरून बोलणाऱ्यांच्या, हिवाळी शिबिराला यंदा नवी मंडळी येणार आहेत, म्हणून सामान लिहून ठेवतो. सगळ्यात आधी पॉवर केबल. रेडिओच्या पाठीमागे लागते ती, लाल-काळी, दोन्ही तारांवर फ्यूज असलेली. क्लबच्या खोलीत ती पॉवर सप्लायला कायमची आवळलेली असते. रेडिओ उचलताना आपण मागची पिन ओढून काढतो आणि केबल टेबलामागे लटकत राहते. मागच्या खेपेला हेच झालं. अँटेना झाडावर चढली, बॅटरी भरलेली, शाळेतली पोरं भोवती गोळा झाली आणि रेडिओ सुरूच करता आला नाही. ती पिन तालुक्याच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळत नाही, ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडेही नाही. उघड्या तारा खुपसून भागवायला जाऊ नका. उलट्या लागल्या तर फ्यूज उडतो, कधी रेडिओच जातो. दुसरी केबल विकत घ्या, रेडिओच्या पेटीत ठेवा, आणि क्लबची क्लबातच राहू द्या.

रेडिओ, माइक, टॉर्च, पाणी, सतरंजी हे सांगायची गरज नाही. परवान्याची प्रत मात्र हवीच. सरपंचांना आणि पोलीस पाटलांना आधी सांगा. रात्री वावरात तारा टांगलेल्या दिसल्या की लोक विचारणारच.

जागा दिवसाउजेडी बघून या, आणि सोबत छोटा रेडिओ नेऊन ऐका. रोही आणि रानडुकरांसाठी आता धुऱ्याधुऱ्यावर झटका मशीन असते. ती साधारण सेकंदाला एक झटका सोडते आणि आपण बोलतो त्या ७ मेगाहर्ट्झवर टक्‌ टक्‌ टक्‌ एवढंच ऐकू येतं. कास्तकाराला रात्री मशीन बंद ठेवायला सांगू नका, त्याचं उभं पीक जाईल. आपणच लांब जायचं. विजेच्या तारांपासूनही लांब, आणि यात कुणाचं काही ऐकून घेऊ नका. अँटेनाची तार किंवा दोरी निसटून त्या तारांवर पडेल इतक्या जवळ उभंच राहायचं नाही.

अँटेना साधी द्विध्रुवच न्या, मधून दोन्ही बाजूंना सारखी तार जाते ती. ७.१ मेगाहर्ट्झला एकूण २० मीटर तार, एकेक बाजू १० मीटर, शिवाय थोडी जास्तीची ठेवा. जास्त झाली तर कापता येते, कमी पडली तर जोडत बसावं लागतं. मधला भाग आठेक मीटरवर गेला तरी पुष्कळ. एवढ्या उंचीवरून लहरी बऱ्याचशा सरळ वर जाऊन परततात, म्हणून दिवसा नागपूर, पुणे, मुंबई चांगले लागतात. दोरी फांदीवरून टाकायला गावातला गोफण चालवणारा माणूस शोधा, पहिल्याच फेकीत काम होतं. बांबू रोवायचा असेल तर पहार घ्या, आणि खुंट्या लांब घ्या. काळ्या मातीला भेगा पडल्या की आखूड खुंटी धरत नाही. जोडणी झाली की आधी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर बघा, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा आकडा.

बॅटरी ट्रॅक्टरची चालते, पण आदल्या रात्री पूर्ण भरलेली. १०० वॉटवर बोलताना रेडिओ २० अँपिअरच्या आसपास ओढतो. तार बारीक किंवा लांब असली की व्होल्टेज बसतं, आवाज फाटतो, रेडिओ मधेच बंद पडतो. ५० वॉटवर चालवा, ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. केबलमध्ये बसतात तेच फ्यूज चार जास्तीचे घ्या. केबल म्हटलं म्हणून पुन्हा विचारतो: पेटीत आहे का? पेटी उघडा, हात घालून बघा. ‘असेल’ हे उत्तर चालणार नाही. गाडी निघण्याआधी अंगणातच रेडिओ बॅटरीला जोडून सुरू करून बघा. तो लागला म्हणजे केबल आहे, फ्यूज आहे, बॅटरी आहे, तिन्ही एकदम कळतं.

लॉगची वही, म्हणजे कुणाशी कधी बोललो ते टिपायची, आणि दोन पेनं. वेळ यूटीसीत, म्हणजे जगभरच्या सामाईक वेळेत लिहायची, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे पाचला तिथे आदल्या दिवसाची तारीख असते, तिथेच लॉग चुकतात. यवतमाळ-वर्ध्याकडे असाल तर ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या आपल्या चौकोनाचा कोड, एमएल ९०, नागपूरला एमएल ९१. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, रात्री दोनला आठवत नाही.

पोरांना ऐकू द्या, हेडफोनऐवजी स्पीकर लावा. ढग गडगडले की कोॲक्स, म्हणजे अँटेनाकडून येणारी केबल, रेडिओपासून काढा, वाट बघू नका.

आवरताना आधी बॅटरी सोडा, मग अँटेना उतरवा. पॉवर केबल पेटीत. दोऱ्या कोरड्या करून गुंडाळा. तारेचे तुकडे एकूणएक वेचा, चाऱ्यातून गुरांच्या पोटात जातात. लॉग त्याच आठवड्यात उतरवून पाठवा.