बर्डी-इतवारीचा जुना बाजार सावरताना: कामाचा क्रम

नागपूरच्या जुन्या बाजारभागाचा विकास म्हटले की सीताबर्डीपासून (बोलीत बर्डी) इतवारी-महालपर्यंतचा सारा नकाशा टेबलावर पसरला जातो, आणि काम बहुधा तिथेच फसते. व्यापारी संघटना, महानगरपालिकेचे झोन कार्यालय किंवा नागरिकांचा गट यांनी प्रथम तीनशे-चारशे मीटर लांबीची एकच ओळ, म्हणजे एका प्रकारच्या दुकानांची गल्ली, निवडावी. किराणा ओळ आणि सराफा ओळ शेजारी असल्या तरी एकीची गरज हमालांना व मालवाहू गाड्यांना वाट मिळण्याची, तर दुसरीची ग्राहकाला निवांत उभे राहता येण्याची असते. दोघींना एकच आराखडा लावल्यास दोन्हीकडचे दुकानदार विरोधात जातील.

निवडलेल्या ओळीत तीन फेऱ्या माराव्यात: पहाटे माल उतरतो तेव्हा, सायंकाळी गर्दीच्या वेळी आणि रविवारी. प्रत्येक दुकानाचा मालक कोण, भाडेकरू कोण, वरचा मजला वापरात आहे की कुलूपबंद, याची नोंद करून ती नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिकेशी (मालकीची सरकारी नोंद, प्रॉपर्टी कार्ड) ताडून पाहावी. हे काम कंटाळवाणे आहे. पण पत्रिकेवर वारलेल्या आजोबांचेच नाव असेल, तर त्या इमारतीत कोणताही विकासक पैसा घालणार नाही.

पथविक्रेत्यांचा प्रश्न शेवटी ठेवण्याची चूक सर्वत्र होते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. म्हणून ठेल्यांच्या जागा आराखड्यातच आखून या समितीकडून मान्य करून घ्याव्यात. बर्डीच्या मेन रोडवर येणारा ग्राहक दुकान आणि ठेला दोन्हींसाठी येतो, हे दुकानदारही खासगीत मान्य करतात.

यानंतर सार्वजनिक पैशाची पाळी येते, आणि तो आधी जमिनीखालच्या कामांवर खर्च व्हावा. गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी), पावसाळी नाली, जलवाहिनी व वीजतारा यांची कामे एकाच खोदकामात बसवावीत. प्रत्येक खात्याने स्वतंत्रपणे रस्ता फोडला, तर दुकानदाराचा दर वेळी एक हंगाम बुडतो. दिवाळी आणि लग्नसराई टाळून, ओळीचे तुकडे पाडून खोदकामाचे वेळापत्रक लावावे व ते आधीच लेखी द्यावे.

वर दिसणाऱ्या कामांत मी पहिला क्रमांक सावलीला देईन. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या शहरात ग्रॅनाइटची बाके म्हणजे दुपारभर तापलेले तवे होत. झाडांना जागा नसेल तिथे कापडी छत घालावे, मात्र ते काढता येण्याजोगे असावे, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच जुन्या वस्तीतून काळी-पिवळी मारबत आणि उंच बडगे या पुतळ्यांची मिरवणूक निघते. आडवी तार, कायमची कमान किंवा मधला दुभाजक आखण्यापूर्वी मिरवणुकीचा मार्ग आणि उंची मारबत मंडळांना विचारून घ्यावी.

ग्राहक कसा येणार, याचे उत्तर आता बदलले आहे. मार्च 2019 मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये पहिला टप्पा पूर्ण झाल्यापासून अ‍ॅक्वा मार्गिका कॉटन मार्केट, रेल्वे स्थानक, अग्रसेन चौक व चितार ओळीजवळून जाते. त्यामुळे बहुमजली वाहनतळाची मागणी करण्याआधी स्थानकाच्या जिन्यापासून ओळीपर्यंतचा पदपथ सलग आहे का, हे पाहावे. एका ठिकाणी जरी विजेचा डीपी बॉक्स किंवा उंच ओटा आडवा आला, तरी साडीच्या पिशव्या घेतलेली बाई रस्त्यावर उतरते आणि पुढच्या खेपेला येण्याचा विचार बदलते.

खासगी गुंतवणूक या कामांमागोमाग येते. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या 500 मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआयची (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते त्या प्रमाणाची) तरतूद आहे, परंतु ती रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्रफळ यांवर अवलंबून असल्याने इतवारीच्या अरुंद, खोल वाड्याला एकट्याने तिचा फारसा उपयोग नाही. शेजारच्या दोन-तीन मालकांनी भूखंड एकत्र करावेत, आणि पागडीवाल्या (एकरकमी पागडी देऊन नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या) भाडेकरूंशी नव्या इमारतीत किती जागा, कोणत्या मजल्यावर व बांधकामाच्या काळात पर्यायी गाळा कुठे, याचा नोंदणीकृत करार पाडकामाआधीच करावा. भक्कम जुन्या वाड्यांचे मात्र दर्शनी लाकूडकाम राखून आतून नूतनीकरण करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

सार्वजनिक जमीन खासगी विकासकाला भागीदारीत द्यायची असेल, तर निविदेतच तीन अटी घालाव्यात: तळमजल्याची दुकाने रस्त्याकडे तोंड करून असावीत, मधून पायवाट खुली राहावी आणि विलंबासाठी दंड असावा. गांधीसागराकाठी जमशेटजी टाटांनी 1877 साली सुरू केलेल्या एम्प्रेस मिलच्या जागी आज मॉल आहे; एवढ्या मोठ्या जागा जुन्या शहराला वारंवार मिळत नाहीत, म्हणून अटी नंतर वाढवू हा विचार ठेवू नये.

देखभालीचा खर्च पहिल्याच बैठकीत ठरवावा. सफाई, दिवे आणि छताची दुरुस्ती यांसाठी दुकानाच्या दर्शनी रुंदीनुसार वर्गणी, तितकीच भर मनपाची आणि हिशेब दर तिमाहीला ओळीतल्याच एखाद्या भिंतीवर लावलेला, असा साधा करार पुरेसा होतो.