न दिसणाऱ्या आजारांसाठी कामाची सोय कशी करावी

कर्मचारी आपल्या आजाराविषयी सांगतो, तेव्हा 'कामात नेमकी अडचण कुठे येते?' हा प्रश्न आधी विचारावा; निदान, औषधे, घरात आणखी कोणाला आहे का, या चौकशीतून सोय ठरत नाही.

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एखाद्या औषध कारखान्यात पाळ्या बदलत असतात. अपस्मार असलेल्याची झोप मोडली की झटक्याची शक्यता वाढते, म्हणून त्याला कायम दिवसपाळी द्यावी. इन्सुलिन घेणाऱ्याची अडचण निराळी. निर्जंतुक विभागात खाण्याचे काही नेता येत नाही, आणि साखर उतरू लागल्यावर बाहेर येऊन, गाऊन उतरवून ग्लुकोज तोंडात घालेपर्यंत मोलाची मिनिटे जातात. तेव्हा खाण्याची सुटी ठरलेल्या वेळी मिळावी आणि त्याची जागा सांभाळणारा माणूस आधीच नेमलेला असावा. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू व मज्जारज्जूच्या आजारात उष्णतेने लक्षणे बळावतात, त्यामुळे अशा व्यक्तीला मे महिन्यात हॉटेलच्या लाँड्रीत ठेवू नये. सांधेदुखी असलेल्याला स्वागतकक्षात उंच स्टूल पुरते, मात्र बसून बोलल्याने पाहुण्याचा अवमान होतो ही समजूत मालकांनी सोडायला हवी.

दिव्यांगजन हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकार आहेत. त्यांत मानसिक आजार, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, सिकल सेल आणि स्वमग्नता येतात; मधुमेह व अपस्मार यांची नावे त्या यादीत नाहीत, पण म्हणून त्यांची सोय करू नये असे कायदा कुठेच म्हणत नाही. समान संधी धोरण मात्र प्रत्येक आस्थापनेने जाहीर करायचे असते.

गुप्ततेबाबत विशेष काळजी घ्यावी. गोव्यात कोण कोणाचा कोण हे दोन वाक्यांत उलगडते, आणि कार्यालयात कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचलेली असते. पर्यवेक्षकाला आजाराचे नाव न सांगता फक्त ठरलेली सोय सांगावी, आणि वैद्यकीय कागद व्हॉट्सॲप गटावर कधीही मागवू नयेत.

ठरलेली सोय लेखी द्यावी आणि काही महिन्यांनी तिचा फेरविचार करावा, कारण असे आजार कमीजास्त होत राहतात. रात्रपाळी बंद झाल्याने भत्ता जाणार असेल, तर ते कर्मचाऱ्याला होकार देण्यापूर्वीच सांगावे. 'त्यालाच दिवसपाळी का?' असे सहकाऱ्यांनी विचारले, तर तो व्यवस्थापनाचा निर्णय आहे एवढेच उत्तर पर्यवेक्षकाने द्यावे.