हिरवा स्विमिंग पूल: सिडनीत पूलवालं घर घेतलेल्या नवीन मंडळींसाठी

दरवर्षी जानेवारी संपत आला की इथल्या मराठी ग्रुपवर तोच फोटो येतो. मागच्या अंगणातला पूल, पालकाच्या भाजीसारखा हिरवागार, आणि खाली "कोणी सांगेल का काय टाकायचं?" डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की आपण सगळे पुण्या-नाशकाला पळतो आणि इथे नेमका तेव्हाच भर उन्हाळा, पाणी तापलेलं, क्लोरीन संपलेलं, गमच्या (निलगिरीच्या) पानांनी स्किमर, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणारी खाच, तुंबलेला, शेवाळाला आणखी काय हवं! मग त्या फोटोखाली तीस सल्ले, त्यातले निम्मे ज्यांच्याकडे पूलच नाही अशांचे. टुंगाबी, विन्स्टन हिल्स, बॉकम हिल्स या भागातली जुनी विटांची घरं आपले लोक घेतात, त्यातल्या बऱ्याच घरांना पूल असतो, आणि घर बघताना आपण किचन बघतो, गॅरेज बघतो, पूलपाशी फक्त फोटो काढतो.

सगळ्यात आधी एक. पूल रिकामा करू नका. परत सांगतो, पूल रिकामा करू नका. आपल्या डोक्यात गच्चीवरची टाकी असते, घाण झाली की उपसा, घासा, भरा. पूल जमिनीत असतो आणि जमिनीखाली पण पाणी असतं. आतलं पाणी गेलं की खालचं पाणी अख्खा पूल वर ढकलतं, फायबरग्लासचा असेल तर जास्तच. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने फेब्रुवारीतल्या आठवडाभराच्या पावसानंतर पंप लावून पूल उपसला, "स्वच्छ धुऊनच घेऊ" म्हणून. सकाळी एक कड जमिनीच्या वर आलेली, पाइप तुटलेले, भोवतीच्या फरशा उखडलेल्या. इन्शुरन्सने हात वर केले. त्या खर्चात चांगली गाडी आली असती. आणि कशासाठी, तर शेवाळासाठी, जे पाणी न काढता जातं! पाणी कितीही काळं-हिरवं दिसू दे, निवळतं. उपसू नका.

कुंपणाचं थोडक्यात. न्यू साउथ वेल्समध्ये कुंपण निदान 1.2 मीटर उंच, गेट आपोआप बंद होऊन कडी लागणारं, जवळ चढायला कुंडी-खुर्ची काही नको, पूल रजिस्टर केलेला हवा. 30 सेंटीमीटरपेक्षा जास्त पाणी मावणाऱ्या फुगवायच्या पूललाही हेच लागू. आणि हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही, पोर पडलं तर तेही दिसणार नाही, म्हणून पाणी साफ होईपर्यंत गेटला कुलूप.

आता मुख्य गोष्ट, जी पूल शॉपमध्ये कोणी धड समजावून सांगत नाही. शेवाळ मारतं ते क्लोरीन. पण क्लोरीन उन्हात काही तासांत उडून जातं, म्हणून पाण्यात स्टॅबिलायझर असतो, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. तो क्लोरीनला उन्हापासून वाचवतो आणि त्याच वेळी त्याचा जोरही कमी करतो. त्यामुळे "किती क्लोरीन टाकू" याचं उत्तर स्टॅबिलायझर किती आहे ते कळल्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. अंदाज असा की हिरव्या पूलला क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साधारण 40 टक्के लागतं. स्टॅबिलायझर 30 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात 30 भाग) असेल तर क्लोरीन 12 पीपीएम. 50,000 लिटरच्या पूलला म्हणजे 12.5 टक्केवालं ताजं लिक्विड क्लोरीन साधारण 5 लिटर. तोच स्टॅबिलायझर 100 असेल तर क्लोरीन 40 पीपीएम, म्हणजे 16 लिटर, आणि तेही एकदा टाकून भागत नाही.

मग 100 होतो कसा? गोळ्यांमुळे. त्या तरंगत्या डब्यात ठेवायच्या गोळ्या म्हणजे ट्रायक्लोर. त्यातून 10 पीपीएम क्लोरीन मिळालं की सोबत 6 पीपीएम स्टॅबिलायझर फुकट येतो. क्लोरीन खर्च होतं, स्टॅबिलायझर तसाच राहतो, साठत जातो. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं गोळ्याच टाकल्या असतील तर तुम्ही बादल्या ओतत बसाल आणि पाणी हिरवं ते हिरवंच. अशा वेळी थोडं पाणी बदलणं हाच उपाय, पण कोरड्या हवेत, एका वेळी पाव-तृतीयांश, आणि लगेच भरायचं. (वर काय सांगितलंय ते लक्षात आहे ना?)

म्हणून डबा घेताना लेबलवरचं बारीक वाचा. ट्रायक्लोर, डायक्लोर असेल तर स्टॅबिलायझर वाढणार. कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल तर नाही. हे आपल्या गावाकडच्या विहिरीत ग्रामपंचायत टाकते त्या टीसीएल पावडरचंच भावंड. पण हिरव्या पूलला मी लिक्विडच सांगेन, ड्रम मिळतात, फक्त उन्हात उभा असलेला जुना ड्रम घेऊ नका, त्यातला जोर गेलेला असतो. सॉल्टवॉटर पूल आहे म्हणून निवांत राहू नका, तो क्लोरिनेटर मिठापासून क्लोरीनच बनवतो पण हळूहळू, हिरवा झालेला पूल नुसत्या त्याच्यावर सोडला तर आठवडे जातील.

प्रत्यक्ष काम: आधी जाळीने पानं काढा, तळाची पण, जेवढा कचरा आत तेवढं क्लोरीन वाया. ॲसिड घालून पीएच 7.2 च्या आसपास आणा, हे क्लोरीनच्या आधी, कारण क्लोरीन 10 च्या वर गेलं की पीएचची टेस्ट भरवशाची राहत नाही. मग सूर्य मावळल्यावर पंप चालू ठेवून क्लोरीन ओता, जुना टीशर्ट घालून, नाहीतर पांढरे डाग. आणि ब्रश. भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागे, लाइटच्या खाचेत. ब्रशचा आपल्या लोकांना फार कंटाळा. औषध टाकलं, आता होईल. होत नाही, चिकटलेल्या शेवाळाच्या आतपर्यंत क्लोरीन पोचत नाही. पंप रात्रंदिवस चालू. दुसऱ्या दिवशी क्लोरीन मोजायचं आणि परत त्याच आकड्यावर न्यायचं, मग परत मोजायचं. पाणी हिरव्याचं दुधट निळसर झालं की शेवाळ मेलं, आता काम फिल्टरचं.

मोजताना एक गंमत बघा. नळीत गोळी किंवा थेंब टाकून गुलाबी रंग बघायची टेस्ट असते, तिच्यात क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो, पाणी बिनरंगाचं. माणूस म्हणतो क्लोरीन शून्य, आणि आणखी एक ड्रम ओततो! थेंब मोजून करायचं चांगलं किट घ्या, त्यात 20-30 पीपीएमही नीट मोजता येतं.

सँड फिल्टर असेल तर प्रेशर वाढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं, या दिवसांत रोज लागू शकतो. हँडल फिरवायच्या आधी पंप बंद, नाहीतर आतला गॅस्केट गेला. बॅकवॉशचं पाणी सीवरमध्ये, म्हणजे घरच्या सांडपाण्याच्या लाइनमध्ये गेलं पाहिजे, रस्त्याकडेच्या गटारात नाही, ते थेट ओढ्याला जातं.

आईबाबा आलेले असतील तर बाबा हमखास म्हणणार, "तुरटी फिरव रे." बाबा अगदीच चूक नाहीत, पूल शॉपमधलं फ्लॉक बहुतेक वेळा तुरटीच्याच घराण्यातलं असतं. पण तुरटी शेवाळ मारत नाही, गाळ खाली बसवते, म्हणून ती शेवटी, शेवाळ मेल्यावर. पंप बंद करून रात्रभर बसू द्यायचं आणि तळाचा गाळ हळू हाताने व्हॅक्यूम करून वेस्टवर, म्हणजे फिल्टर टाळून थेट बाहेर काढायचा. फिल्टरवर नाही. कार्ट्रिज फिल्टर असेल आणि वेस्टची सोय नसेल तर या भानगडीतच पडू नका.

पूल शॉपमध्ये बाटलीतून पाणी नेलं तर टेस्ट फुकट करून देतात, चांगली सोय आहे, जरूर करा. पण सोबत जो छापील कागद येतो त्यावर पाच-सहा वस्तूंची यादी असते. फॉस्फेट रिमूव्हर, क्लॅरिफायर, अल्गीसाइड (शेवाळनाशक). आपण घरच्या भाजीत घासाघीस करू पण पांढऱ्या कोटातल्या माणसाने कागद दिला की गप कार्ड काढतो. स्टॅबिलायझर आणि पीएचचा आकडा लिहून घ्या, कागद खिशात, नमस्कार. तांब्याचं अल्गीसाइड तर नकोच, भिंतींवर डाग पडतात. शेजारचे पिकल्या केसांचे ऑसी आजोबा भेटले तर त्यांना विचारा, तीस वर्षं पूल सांभाळलेला माणूस कुंपणावरून फुकटात जास्त सांगतो, आणि त्यांना विचारलेलं आवडतं.

दोन प्रकारचं क्लोरीन एकत्र करू नका, एका मगाने दोन्ही काढू पण नका, ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपो भिडले तर पेट घेतात. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू. शेडमध्ये वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा.

झालं कधी समजायचं? तळाचं ड्रेन स्पष्ट दिसतंय, आणि रात्री मोजलेलं क्लोरीन सकाळी ऊन यायच्या आत 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरलेलं नाही. उतरलं तर आत अजून काहीतरी खातंय, थांबू नका. बरेच जण पाणी निळं दिसलं की पोरांना आत सोडतात आणि पंधरा दिवसांत परत फोटो.

पुढच्या डिसेंबरात निघायच्या आधी क्लोरीन जरा चढं ठेवा, पंपाचा टायमर आठ तासांवर, क्रीपी (तळ साफ करत फिरणारं यंत्र) बाहेर काढून ठेवा. आणि इथे राहणाऱ्या कोणाला तरी दर आठवड्याला स्किमरची बास्केट रिकामी करून दोन लिटर क्लोरीन ओतायला सांगा. येताना त्यांच्यासाठी चितळ्यांची बाकरवडी आणा, दोन पाकिटं तरी.